पंच्याण्णवच्या खाली

ओहोटी लागली की मो क्कुत-सुन
फळीवर एक गुडघा टेकते,
दुसऱ्या पायानं चिखल मागे ढकलते
आणि बल्ग्योच्या किनाऱ्यावरून आत, आत जाते,
जिथे शिंपले श्वास घेतात.
वय एकोणऐंशी.
मी मागे, मांड्यांपर्यंत रुतलेली,
हातात निर्जंतुक नळी, तोंडात शिव्या.
"पाय उपसू नकोस," ती ओरडते, "घसर!"

नळीतला चमचाभर काळा गाळ
तीन आठवडे खाऱ्या आगरवर ठेवला.
बाकीच्या वसाहती पांढऱ्या, ओळखीच्या.
एकच जर्दाळूच्या रंगाची,
टाचणीच्या डोक्याएवढी, कडेला जरा विरलेली.
वहीत लिहिलं: बी-एकतीस.

आधी एकच जनुक वाचलं, सगळे वाचतात तेच.
डेन्मार्कच्या खाडीतल्या एका जुन्या नावाशी
अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ टक्के जुळलं.
प्यो सर म्हणाले, झालं, पुढचं घे.
मला पटेना.
नाक जुळतं म्हणून घर एकच असतं का?

मग सबंध जिनोम.
त्रेचाळीस लाख अक्षरं, बाराखडी चारांचीच,
ना पूर्णविराम, ना परिच्छेद.
संगणक त्याचे हजार-हजारांचे तुकडे करतो,
एकेक तुकडा त्या डेन्मार्कवालीच्या अंगाला लावून बघतो,
शिंपी कापड लावतो तसा.
इथे बसलं. इथे सैल. इथे उसवलंय.
इथे तर कापडच नाही.
रात्री अडीचला सरासरी आली:
९३.६

पंच्याण्णवच्या वर असती तर जुनंच नाव.
खाली, म्हणजे हिला अजून कुणी हाक मारलेली नाही.

"पंच्याण्णवच का?" शिंपले धुता धुता क्कुत-सुननं विचारलं.
"तिथे दरी दिसते म्हणून. माणसांनी बसून ठरवलंय."
"आणि दरीत कुणी राहत असेल तर?"
मी गप्प. राहतात.
त्यांच्यावरून परिषदांमध्ये लोक चहा थंड होईतो भांडतात.
म्हटलं, "याच पट्टीनं मोजलं तर
आपण आणि चिंपांझी एकाच नावाखाली येऊ."
ती इतकी हसली की टोपली कलंडली.
"नवरा जिवंत असताना सांगायचंस."

नाव मी तिचंच द्यायचं ठरवलं होतं,
लॅटिनमध्ये, स्त्रीलिंगी षष्ठीत.
तिनं हात पुसले.
"माझ्या नावाचा अर्थ माहीत आहे ना?
चार मुलींनंतर पाचवी. क्कुत. शेवट.
बापानं नाव नाही ठेवलं, दार लावून घेतलं."
मग थोड्या वेळानं,
"हे तुझं पोर किती वेळात दुप्पट होतं?"
"पन्नास मिनिटांत. तीस अंशांवर."
"मग ठेव," ती म्हणाली. "ठेवच."

नियम असा की वाण दोन देशांत जपावा लागतो,
एकीकडे आग लागली तर दुसरीकडे असावा.
एक कुपी इथे, कोरियात. दुसरी जर्मनीला.
हे ऐकून तिचे हात थांबले.
थोरला भाऊ तिकडेच गेला होता, कोळशाच्या खाणीत.
तीन वर्षांचा करार. मग पत्रं.
मग पत्रं नाहीत.

आज कुपी बांधली.
गोठवून वाळवलेली चिमूटभर भुकटी,
त्यात कोट्यवधी, मेलेले नव्हेत, थांबलेले.
कस्टमच्या फॉर्मवर
वस्तू: जिवाणू, रोगकारक नाही.
किंमत: शून्य.

संध्याकाळी तिचा फोन.
"तिकडे फार थंडी असते, भाऊ लिहायचा. त्यांना सांगितलंस?"
"आजी, ते तिला उणे ऐंशीत ठेवणार आहेत."
बराच वेळ नुसता वारा.
"उद्या ओहोटी पावणेसहाला," ती म्हणाली.
"आणि ते बूट घालू नकोस."